ओटी भरणारा समाज

दौंड-सोलापूर लोहमार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मध्ये केम लागतं. करमाळा तालुक्यातलं हे गाव उत्तरेश्वराचं आणि कुंकवाचं. देवळांपुढच्या दुकानांत कुंकवाचे जे लाल ढीग रचलेले दिसतात, त्यांतलं पुष्कळसं केमहून गेलेलं असतं. हळदीला चुन्याचं किंवा खाराचं पाणी लागलं की ती लाल होते, हे कुंकवाचं जुनं रसायन. आता तयार रंगांनी काम सोपं केलं आहे. ते असो. कुंकू बनवल्याबद्दल गावाला दोष द्यायला मी बसलेलो नाही. धंदा पोटासाठी आहे आणि चोख आहे. पण ते ज्या कपाळाला लागतं, त्या बाईच्या शरीराचं आपण काय करून ठेवलं आहे, हा हिशोब मागायला केमइतकी योग्य जागा दुसरी नाही.

कुंकू कोणाला लावायचं नाही, याची यादी आपल्या घराघरांत तोंडपाठ आहे. नवरा गेलेलीला नाही. पाळी आलेलीला चार दिवस देवाजवळ फिरकू द्यायचं नाही. मूल न झालेलीला लावायचं, पण डोहाळजेवणाला तिला पुढे येऊ द्यायचं नाही, ओटी भरायला तिचा हात लागू द्यायचा नाही. ओटीत नारळ, खण, तांदूळ, हळकुंड घालतो ते कशासाठी? तिची कूस उजवावी म्हणून. म्हणजे बाईचा सगळा मान तिच्या ओटीपोटातल्या एका अवयवावर आणि तिच्या नवऱ्याच्या श्वासावर आपण टांगून ठेवला आहे. आणि गंमत अशी, की ज्या अवयवावर हा सारा डोलारा उभा आहे तो शरीरात नेमका कुठे असतो, केवढा असतो, काय करतो, हे ओटी भरणाऱ्या दहा जणींना विचारा. त्यांच्या दहा नवऱ्यांनाही विचारा. ‘पिशवी’ या एका शब्दापलीकडे कोणी जाणार नाही.

गर्भाशय सुमारे साडेसात सेंटिमीटर लांबीचं, मिटलेल्या मुठीएवढं असतं. पुढे मूत्राशय, मागे गुदाशय, आणि दोघांच्या मध्ये हे. गरोदरपणात तेच वाढत वाढत बरगड्यांपर्यंत पोचतं आणि बाळंतपणानंतर दीड महिन्यात पुन्हा जवळपास मूळ आकाराला येतं. शरीरातला दुसरा कोणताही स्नायू असा ताणून पुन्हा आवरत नाही. हे ज्ञान काही गुप्त नाही. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननसंस्था आहे, आकृत्यांसह आहे, मासिक चक्रही आहे. पण तो धडा आला की कित्येक वर्गांत काय होतं, ते तुम्हीही पाहिलेलं असेल. सर खडूकडे बघत ‘हे घरी वाचून या’ म्हणतात. मागच्या बाकांवर खुसखुस होते, मुली वहीत डोकं घालतात आणि पुढचा धडा सुरू होतो. घरी तर बोलायचीच सोय नाही. २००७ साली आमदारांनी विधिमंडळात ओरड केली आणि महाराष्ट्र सरकारनं शाळेतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. संस्कृती बुडेल म्हणून! मुलांच्या खिशात मोबाइल आले, त्यातून जगातली सगळी घाण त्यांच्यापर्यंत पोचली. त्यानं संस्कृती बुडाली नाही. मास्तरांनी फळ्यावर अंडाशय काढलं असतं तर मात्र बुडाली असती.

माझा आरोप असा आहे की हे अज्ञान भोळं नाही. ते राखलेलं आहे, कारण त्यावर कोणाचं ना कोणाचं पोट चालतं. आणि त्याची किंमत जवळपास नेहमी बाई मोजते.

उजनी धरणाच्या पाण्यावर आपल्या तालुक्यात ऊस आला आणि उसामागे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीडकडचे कोयते आले. ऊसतोडीच्या भाषेत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल दोघांच्या नावानं, काम दोघांचं. कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, शेताच्या कडेला किंवा कारखान्याच्या मोकळ्या रानात. बाई पहाटे तीन-चारला उठते, चूल पेटवते, भाकरी थापते आणि अंधारातच फडात जाते. दिवसभर वाकून मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. संडास नाही, आडोसा नाही. आहे तो उभा ऊस, तोही दुपारपर्यंत तुटून जातो. मग ती काय करते? पाणी पीत नाही. तांब्याभर पाण्यावर दिवस काढते आणि लघवी दाबून धरते.

तिच्या शरीरात काय चालतं ते पाहा. कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक मूत्रपिंड. प्रत्येकात सुमारे १० लाख गाळण्या. दिवसाकाठी १८० लीटर द्रव त्या गाळतात आणि त्यातला दीड-दोन लीटर सोडून बाकी सगळा रक्तात परत घेतात. सगळं रक्त दिवसातून कितीतरी वेळा इथून धुऊन निघतं. पाणीच कमी गेलं तर लघवी दाट होते, मूत्राशयात साचून राहते आणि जंतूंना आयतं घर मिळतं. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण २० सेंटिमीटरचा, बाईचा अवघा ४. शिवाय तो गुदद्वाराच्या जवळ. त्यामुळे आतड्यातले जंतू बाईच्या मूत्राशयापर्यंत लवकर पोचतात. जगातल्या निदान निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी लघवीची जळजळ भोगावी लागते. वेळेवर उपचार नाही झाला की जंतू वर चढतात, मूत्रपिंड सुजतं, थंडी वाजून ताप भरतो. गरोदर बाईला तर वाढलेलं गर्भाशय मूत्रवाहिन्या दाबतं. तिच्यात हा धोका आणखी, आणि दिवस भरण्याआधी कळा येण्याची भीतीही. यावरचं औषध महाग नाही: पाणी, आडोसा, आणि लागलीच तर पाच-सात दिवसांच्या गोळ्या. साखरेच्या पोत्यामागे रुपया-आठ आणे बाजूला काढले तर प्रत्येक फडाजवळ एक फिरता संडास उभा राहील. उसाच्या दरासाठी आम्ही रस्ते अडवतो, चक्का जाम करतो. या संडासासाठी कोणी एक टायर तरी पेटवला?

आता तिच्या कंबरेत कळ येते, अंगावरून पांढरं जातं, पाळीत जास्त जातं. एक दिवस घरी बसली तर खाडा, खाड्याचा दंड. ती गावी परत गेल्यावर दवाखान्यात जाते. सोनोग्राफीचा कागद पुढे ठेवला जातो: पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. मुकादमाकडून आणखी उचल घेतली जाते आणि पिशवी काढली जाते. जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलेला आकडा असा: बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीशिवाय शस्त्रक्रिया करायची नाही, असा नियम बीडमध्ये आला. नियम बीडला आला. ऊस मात्र सोलापुरात, पुण्यात, साताऱ्यात, सांगलीत, कोल्हापुरात आणि पार कर्नाटकात तुटतो.

पंचविशी-तिशीतल्या बाईचं गर्भाशय काढलं, त्याबरोबर अंडाशयंही काढली, की तिची रजोनिवृत्ती त्याच दिवशी होते. हाडं ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, अंगाची आग होते, झोप उडते. अंडाशयं ठेवली तरी ती पुष्कळदा वेळेआधी थकतात. डॉक्टरांनी हे सांगायला हवं होतं, हे खरं. पण बाईनंही विचारलं नाही, कारण ‘दोन लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम?’ हे तिला आपणच शिकवलं. ओटीचं काम मूल होईपर्यंत. मूल झालं की ती नुसती अडगळ आणि पाळीची कटकट. हा विचार डॉक्टरांचा नाही. तो आपल्या ओटीभरणातच आहे.

बाईचं दुखणं एवढ्यावर थांबत नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापून आले तेव्हा जग चकित झालं. ९२ टक्के बायकांना प्रजननसंस्थेचा काही ना काही आजार होता, प्रत्येकीला सरासरी तीनहून जास्त, आणि याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. म्हणजे शंभरातल्या ब्याण्णव जणी दुखणं पदराखाली घेऊन चूल फुंकत होत्या, पाणी भरत होत्या, सण साजरे करत होत्या. कोणालाही ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही नाही? त्यालाही नाही, आणि असेल तर त्यानं विचारलं नाही.

दूर कशाला जा. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. या नोंदींनी दाखवलं की आपल्याकडच्या खेड्यांतल्या बायकांत सर्वात जास्त आढळलेला कर्करोग गर्भाशयमुखाचा होता. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयातल्या माणसांनी शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांना घेऊन जगातल्या मोठ्या अभ्यासांपैकी एक अभ्यास केला. ३० ते ५९ वर्षांच्या बायका, खेड्यातल्या, बहुतेक शेतात राबणाऱ्या. आयुष्यात एकदाच, हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी केली, सापडलं तर उपचार केले, तर या कर्करोगानं होणारे मृत्यू निम्म्यावर आले. २००९ साली हे अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापलं गेलं आणि जगभरच्या सरकारांनी त्यावरून धोरणं आखली. आपल्या शेजारच्या बायकांच्या अंगावर झालेला हा अभ्यास जगाला उपयोगी पडला. केमच्या किती जणींपर्यंत तो पोचला?

हा कर्करोग एका रात्रीत होत नाही. विषाणू शिरल्यापासून कर्करोग उभा राहायला दहा-पंधरा वर्षं लागतात. तेवढ्या काळात तपासणीत तो आधीच ओळखता येतो, थांबवता येतो. आणि तो विषाणू बहुतेक वेळा नवऱ्याकडून येतो. त्याला स्वतःला काही लक्षण जाणवत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं २०२३ च्या जानेवारीत या विषाणूवरची देशी बनावटीची लसही बाजारात आणली. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना ती सर्वात चांगली लागते. पण ही लस कशासाठी, असं लेकीनं विचारलं तर काय उत्तर द्यायचं, याचीच बापांना धास्ती. लेकीच्या लग्नाला दहा लाख काढणाऱ्या बापाला दोन वाक्यं जड जातात.

तपासणीला बाई जात नाही, कारण ‘तिथं’ दाखवायची लाज वाटते. ही लाज तिच्यात कोणी घातली? देवानं घातली असेल तर देवाचीच पंचाईत आहे. बार्शीपासून जवळ तेर गाव आहे. तिथं सातवाहनकाळातल्या लज्जागौरीच्या मूर्ती सापडल्या: मांड्या फाकवून बसलेली देवी, प्रसूतीच्या मुद्रेत, योनी उघडी. संशोधक रा. चिं. ढेरे यांनी १९७८ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या पूर्वजांनी ती मूर्ती हातानं घडवली, पुजली, मूल मागितलं. आजही महादेवाच्या देवळात पिंडीखालच्या शाळुंकेवर, म्हणजे योनीवरच, आपण पाणी सोडतो. म्हणजे दगडाची चालते, मातीची चालते. जिवंत बाईची मात्र डॉक्टरीणबाईंनाही दाखवायची नाही.

विटाळाचं तसंच. पाळीत जातं ते साधारण ३०-४० मिलिलीटर रक्त, आणि त्याबरोबर गर्भाशयाचं अस्तर. हे अस्तर दर महिन्याला संभाव्य गर्भासाठी तयार होतं. गर्भ आला नाही की गळून पडतं. ज्या अस्तरात गर्भ रुजला तर आपण पेढे वाटतो, तेच गळालं तर बाईला बाजूला बसवतो. वारीच्या आधी, गौरी-गणपतीच्या आधी औषधाच्या दुकानांत पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्या मागायला बायका येतात. डॉक्टरांना न विचारता घेतात. पंढरपूरला जायचं म्हणून अंगातल्या संप्रेरकांची गाडी उलटी फिरवतात. आणि त्याच पंढरपुराच्या विठोबाला आपलं मानणारी मंगळवेढ्याच्या चोखोबांची पत्नी सोयराबाई सहाशे-सातशे वर्षांपूर्वी सांगून गेली, की ज्याला विटाळ म्हणता तिथूनच प्रत्येक देह येतो. मग सोवळा कोण? तिच्या प्रश्नाला आजवर एकाही शास्त्रीबुवांना उत्तर सुचलेलं नाही.

शरीरशास्त्र तर तिच्याही पुढं जातं. गर्भ साधारण दहाव्या आठवड्यापासून लघवी करू लागतो. चौथा-पाचवा महिना उलटला की गर्भजलातला बहुतेक भाग त्याच्याच लघवीचा असतो, आणि तोच तो गिळतो. त्याची फुप्फुसं त्यातच वाढतात. सोवळ्यातले सगळे आचार्य, सगळे महंत, सगळे सुधारक असेच अनेक महिने स्वतःच्या मूत्रात पोहून आलेले आहेत.

त्याहून मोठा टोला भ्रूणशास्त्र मारतं, आणि तो पुरुषांनी नीट ऐकावा. मूत्रसंस्था आणि प्रजननसंस्था गर्भात एकाच मांसल पट्ट्यातून उगवतात. पहिली मूत्रपिंडं तात्पुरती असतात. काही आठवडे चालतात आणि विरतात, मग खाली ओटीपोटात खरी मूत्रपिंडं तयार होऊन वर कमरेपर्यंत चढतात. त्या विरलेल्या मूत्रपिंडाची नाली वाया जात नाही: मुलग्यात तीच वीर्यवाहिनी होते. ज्या पौरुषाच्या बढाया मारल्या जातात त्याची नळी एका मोडीत काढलेल्या मूत्रपिंडाची मोरी आहे. सातव्या आठवड्यापर्यंत प्रत्येक गर्भात दोन्ही जोड्या असतात, पुरुषाच्या नळ्यांची आणि बाईच्या नळ्यांचीही. बाहेरून पाहून सांगता येत नाही मुलगा की मुलगी. मग वाय गुणसूत्रावरचं, १९९० साली शोधलं गेलेलं, एक जनुक जागं झालं तर वृषण बनतात, त्यांच्या स्रावानं बाईच्या नळ्या विरघळतात. पूर्ण विरघळतही नाहीत. वृषणाच्या टोकाला त्यांचा एक इवलासा तुकडा उरतो. ‘बायकी’ ही शिवी घालणारा प्रत्येक पहिलवान तो तुकडा लंगोटात घेऊन फिरतो. ज्या कोंबातून शिश्न होतं त्याच कोंबातून बाईची शिश्निका होते. ज्या घड्या मिळून वृषणकोश होतो त्याच घड्या न मिळता बाईचे ओष्ठ होतात. माती एक, हात एक.

मुलगा की मुलगी, हे ठरवणारं ते वाय गुणसूत्र बापाकडून येतं. आईजवळ ते नसतंच. १९०५ सालीच नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन बाईनं पिठातल्या किड्यावर अभ्यास करून हे दाखवून दिलं. शंभरावर वर्षं झाली. आपल्याकडे अजून चौथी मुलगी झाली की सून अपराधी, आणि तिचा नवरा दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी करतो. महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ साली देशातला पहिला कायदा केला. त्यानंतरही राज्यातल्या सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. ऊसतोडीच्या बीडमध्ये ८०७. कुंकू लावायला कपाळंच उरणार नाहीत, अशी वेळ आणायची आणि वर लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा न्यायचा! २०२२ साली सोलापुरात तोही निघाला, नवरदेवांच्या बाशिंगांसह.

मूल न होण्याचं कारण निम्म्या जोडप्यांत पुरुषात असतं, किंवा दोघांत मिळून. पुरुषाची तपासणी सर्वात सोपी: एका बाटलीत नमुना द्यायचा. तरी बाईला आधी तपासतात, तिच्या नळ्यांत औषध सोडून फोटो काढतात, नवस होतात, बाबा-बुवांकडे अंगारे होतात. चार वर्षांनी कोणाला तरी आठवतं की नवऱ्याचंही पाहू. तोवर तिला वांझोटी म्हणून झालेलं असतं. आणि तिच्या अंडाशयातली बीजं किती जुनी, तेही सांगतो. स्त्री-गर्भ आईच्या पोटात पाच महिन्यांचा असतानाच त्यात साठ-सत्तर लाख बीजं तयार असतात. जन्माला दहा-वीस लाख उरतात, पाळी सुरू होताना तीन-चार लाख, आणि आयुष्यभरात पिकतात चारशेच्या आसपास. म्हणजे तुमचं अर्धं शरीर ज्या बीजातून झालं, ते बीज तुमच्या आजीच्या पोटात असताना घडलं होतं. आपण वंश बापाच्या आडनावानं मोजतो.

पुरुषही या अज्ञानाचं भाडं भरतो, पण वेगळं. रस्त्याकडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’, ‘मर्दानी कमजोरी’च्या जाहिराती असतात ना, त्या त्याच्या खिशासाठी. स्वप्नदोषानं ताकद जाते, एका थेंबात चाळीस थेंब रक्त असतं, असलं ऐकून घाबरलेलं सतरा-अठरा वर्षांचं पोर कर्ज काढून शिलाजिताच्या पुड्या आणतं. वीर्य म्हणजे बहुतांशी ग्रंथींचा पातळ स्राव. ते साठत नाही, रोज बनतं, शरीर ते बाहेर टाकणारच. हे शाळेत दोन मिनिटांत सांगता आलं असतं.

आणि नसबंदी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहितांनी बाईचं ऑपरेशन केलेलं दिसतं. पुरुषाचं केलेली जोडपी शेकडा एकही भरत नाहीत. बाईचं पोट उघडावं किंवा दुर्बीण घालावी लागते. पुरुषाला फक्त कातडी बधिर करून दहा-पंधरा मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. वीर्य तेवढंच येतं, इच्छा तीच राहते, कारण संप्रेरक रक्तातून जातं, त्या नळीतून नाही. १९७६ साली आपल्याच विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, त्या दंडेलीची भीती मनात बसली हे मी समजू शकतो. पण पन्नास वर्षं झाली. सक्तीचं भय आता नाही; उरलीय ती सोय. बायकोच्या पोटाला टाके पडतात, आपल्या नाही.

हे सगळं सांगणारा माणूस महाराष्ट्रात झाला नाही असं नाही. रघुनाथ धोंडो कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली, लंडनमध्ये मेरी स्टोप्सनं दवाखाना काढला त्याच वर्षी, त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, मरेपर्यंत, १९५३ पर्यंत. अश्लीलतेचे खटले झाले, दोनदा दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं आणि तरीही ते हरले. कर्व्यांच्या वडिलांना, विधवांसाठी शाळा काढणाऱ्या अण्णांना, या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं. मुलाला मात्र वेडा ठरवलं. दोघं एकाच देहाची कैफियत मांडत होते. विधवेला शिकवा, हे हळूहळू पचलं. तिला शरीर आहे, हे पचलं नाही.

आपल्या तालुक्याचीही एक गोष्ट आहे. विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं बंद करावं, हा विचार करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाच्या प्रमोद झिंजाडे यांनी पुढे रेटला. ठराव मात्र पहिल्यांदा झाला तो कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेत, ४ मे २०२२ रोजी, आणि त्याच महिन्यात सरकारनं तो इतर गावांपुढे ठेवला. करमाळ्यात निघालेला विचार हेरवाडला रुजला. कुंकवाचं गाव त्याच तालुक्यात आहे.

तेव्हा केमच्या आणि भोवतालच्या बापयांना माझं एवढंच मागणं आहे. घरातल्या तीस ओलांडलेल्या बाईला जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्या. गर्भाशयमुखाची तपासणी तिथं फुकट होते, पाच-दहा मिनिटं लागतात, दुखत नाही. मोटारसायकलवर मागे बसवून आणा आणि बाहेर झाडाखाली तंबाखू मळत उभे राहू नका. डॉक्टर काय सांगतात ते आत जाऊन ऐका. पिशवी काढा म्हणाले तर सोलापूरला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सही करू नका. शाळेच्या व्यवस्थापन समितीवर असाल तर दहावीचा तो धडा वर्गात, मुला-मुलींसमोर, आकृती काढून शिकवायला सांगा. सरांना जमत नसेल तर आरोग्य सेविकेला बोलवा. आणि दोन लेकरांनंतर ऑपरेशन कोणाचं, हा प्रश्न आला की आधी स्वतःचं नाव द्या.